मिरच्यांना ताण

मी तापट आहे असं माहेरचे म्हणतात, सासरचे म्हणतात आणि आमच्या दुकानातली गिऱ्हाइकंही म्हणतात. एवढी माणसं म्हणतात म्हणजे असेल काहीतरी. पण त्या आठवड्यात माझा राग कुणा माणसावर नव्हता. बोटाएवढ्या मिरचीच्या रोपांवर होता. खिडकीत ओळीनं उभी राहून ती माझ्या डोळ्यांदेखत पिवळी पडत होती.

रोपं दादासाठी होती. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. जन्मभर त्यानं छापखान्यात मुद्रितं तपासली, म्हणजे लोकांच्या चुका काढायचा पगार घेतला, आणि घरी येऊन तेच काम फुकट केलं. माझ्या भाजीत, वहिनीच्या बोलण्यात, बातम्या वाचणाऱ्या बाईच्या उच्चारात, कुठेही त्याला चूक सापडायचीच. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणतात ठणठणीत आहे. पण दादा आतून मिटला तो मिटलाच. दिवसभर खुर्चीत बसतो, काही विचारलं तर ‘हं’ म्हणतो. मी एकदा मुद्दाम त्याच्यासमोर ‘मी तुझी मदत केली’ म्हणाले. पूर्वी ‘तुझी नव्हे, तुला मदत’ म्हणत या एका वाक्यावरून त्यानं अर्धा तास माझं डोकं खाल्लं असतं. या वेळी नुसतं ‘हं’.

त्याच्या बाल्कनीत पूर्वी मिरच्या असायच्या. अशा जहाल, की तुकडा जिभेवर ठेवला तर माणसाला सात पिढ्या आठवाव्यात. इस्पितळाच्या धावपळीत त्यांना पाणी घालायला कुणाला सुचलं नाही आणि सगळी झाडं वाळून गेली. दादा घरी आला, त्यानं रिकाम्या कुंड्या पाहिल्या आणि बाल्कनीचं दार लावून घेतलं. माझ्या मसाल्याच्या डब्याच्या तळाशी त्याच मिरच्यांमधली एक सुकलेली सापडली. तिचं बी मी रुजत घातलं. म्हटलं, तरतरीत रोपं याच्या पुढ्यात नेऊन ठेवते, मग बघते कसा खुर्चीत बसून राहतो ते.

बाहेर कडाक्याची थंडी, म्हणून रोपं घरातच. दुकानाच्या मागच्या खोलीतली खिडकी, वर ट्यूबलाइट, खाली कागदी पेल्यांत माती. खिडकीचा कट्टा खराब होऊ नये म्हणून प्रत्येक पेला एकेका वाटीत. दादाची झाडं पाण्यावाचून गेली होती, म्हणून पाण्यात मी जराही हयगय केली नाही. येता घाल, जाता घाल. तरी आधी खालची पानं फिकी झाली, मग पिवळी, मग मुंडी टाकून लोंबायला लागली.

‘भूक लागली असेल,’ आमचे हे म्हणाले. यांना कुणीही मलूल दिसलं की भूकच दिसते. ‘खत घाल.’

खत घातलं. पानं आणखी पिवळी झाली. समोरचा औषधवाला गोळ्यांच्या पाकिटावरून मान वर न करता म्हणाला, ‘लोह कमी पडलं असणार.’ ते ऐकून यांनी मातीत गंजके खिळे खोचले. मग उजेड कमी म्हणून ट्यूब खाली आणली, उजेड जास्त म्हणून परत वर नेली. माझं डोकं फिरायची वेळ आली, तेव्हा मी नर्सरीतल्या बाईला फोन लावला. तिच्यामागे गिऱ्हाइकांचा गलका चालला होता. मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘काही नाही, रोपांना चांगला ताण द्या. सुधारतील.’ आणि फोन ठेवला.

आता आमचा धंदा ऐका. आम्ही बॅडमिंटनच्या, टेनिसच्या रॅकेटींची तुटलेली जाळी काढून नवी विणून देतो. ताण हा आमच्या दुकानात दिवसभराचा शब्द. ‘ताण किती ठेवू?’ हाच प्रत्येक गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न. कमी ताण दिला तर जाळी मऊ लागते, जास्त दिला तर फ्रेम वाकते. त्या बाईला उलट फोन करून ‘ताण म्हणजे काय हो?’ असं आम्ही विचारणं म्हणजे हसं करून घेणंच की.

‘बरोबर आहे तिचं,’ हे म्हणाले. ‘रोपं ढिली पडलीत. बघ ना, माना कशा टाकल्यात.’

जाळीच्या नायलॉनचे उरलेले तुकडे आमच्याकडे ढिगानं. प्रत्येक पेल्यात दोन्ही बाजूंना काड्या रोवल्या. यांनी चष्मा चढवला, जीभ दातांत धरली आणि एकेक रोप दोन्हीकडून बांधून हळूहळू खेचलं. अधूनमधून दोरी बोटानं छेडून कान लावत होते. ‘हे जरा सैल आहे,’ म्हणून एकाला पुन्हा आवळलं. काम इतकं सफाईदार झालं, की मला नवऱ्याचा अभिमान वाटला. सगळी रोपं ताठ उभी राहिली. आणि ताठ उभी राहून पिवळी पडत राहिली.

त्यातच रविवारी सकाळी वहिनीचा फोन आला. डॉक्टरांनी बजावलंय, रोज घराबाहेर काढाच, म्हणून ती दादाला बळेच आमच्याकडे घेऊन येत होती. मी रोपं लपवायला धावले, पण पेले, वाट्या, काड्या, दोऱ्या, एवढं लटांबर लपवणार कुठे? वरून चादर टाकली. दादा आला, मागच्या खोलीत बसला, ‘हं’ म्हणाला. मग खिडकीकडे बघत राहिला. शेवटी स्वतःच उठला आणि चादर उचलली.

‘हे काय आहे?’

‘तुझ्या मिरच्या,’ मी म्हणाले. ‘आजारी आहेत.’

‘आजारी आहेत ते दिसतंय. अटक कशाला केलीय?’

‘नर्सरीवालीनं ताण द्यायला सांगितलाय,’ आमचे हे अदबीनं म्हणाले. ‘मी बेताचाच दिलाय. वाढवू का?’

दादानं यांच्याकडे पाहिलं. मग दोऱ्यांकडे, मग माझ्याकडे. त्याचे खांदे हलायला लागले. वहिनी घाबरून पुढे झाली, तिला वाटलं छातीत काही झालं. पण तो हसत होता. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर, खिडकीचा गज धरून हसत होता. ते बघून वहिनी पदरानं डोळे पुसायला लागली.

‘अगं शहाणे,’ तो दम घेत म्हणाला, ‘ताण देणं म्हणजे पाणी तोडणं. माती सुकू द्यायची. बागाईतदाराला विचार, कुणीही सांगेल.’ त्यानं एक पेला वाटीतून उचलून हातात तोलला. खालून पाणी ठिबकलं. ‘बघ किती जड आहे. मुळं गुदमरलीत. वरची माती हिरवी झालीय, चिलटं फिरताहेत, आणि तू पाणी घालतेच आहेस. खालची पानं पिवळी झाली की आधी पेला उचलून बघायचा, मग खताचं नाव काढायचं. आणि हे खिळे कुणाचे?’

हे निमूटपणे खिळे काढायला लागले.

त्यानंतर तासभर तो माझ्या चुका काढत होता. वाट्या काढायला लावल्या. पेल्यांना भोकं पाडली होती ती बारीक निघाली. दोऱ्या सोडताना माझा हात जड निघाला. मी एरवी असलं एक वाक्य ऐकून घेतलं नसतं. त्या दिवशी म्हटलं, बोल बाबा, आणखी बोल. जेवायला बसल्यावर भाजी आळणी निघाली, तेही त्यानं सांगितलं, आणि वहिनीनं टेबलाखालून माझा हात दाबला.

जाताना म्हणाला, उद्या येऊन बघतो, तोवर थेंब घातलास तर याद राख. दुसऱ्या दिवशी वहिनी त्याला आमच्याकडे सोडून गेली. पुढे तो एकटाच चालत यायला लागला. यायचा, एकेक पेला उचलून वजन बघायचा, आमच्या ह्यांना चिडवायचा आणि माझ्याशी भांडून घरी जायचा. दोन रोपं गेली. बाकीच्यांना शेंड्याला नवी पानं फुटली, गर्द हिरवी.

मग एके दिवशी मी सगळी रोपं खोक्यात नीट भरून त्याच्यापुढे ठेवली. म्हटलं, तुझी तुला, आता बाल्कनीचं दार उघड.

‘नेणार नाही,’ तो म्हणाला.

‘का? आता काय चूक निघाली?’

‘चूक नाही गं.’ खोक्याची कड तो बोटानं चाचपत होता. ‘घरी नेली तर मी परत त्या खुर्चीत जाऊन बसेन. इथे असली तर मला यावं लागतं.’

मी एकेक पेला काढून परत खिडकीत लावायला लागले, आणि लावता लावता मला रडू फुटलं.

‘रडायचं तर बाजूला होऊन रड,’ दादा म्हणाला. ‘त्यांचं पाणी उद्या आहे.’