थोरली सोंगटी

मी कॅरमचा स्ट्रायकर आहे. अस्सल हस्तिदंताचा, हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली जो तो मला प्लॅस्टिकचा समजतो आणि त्याचा मला फार राग येतो.

खरं तर मी जन्मानं स्ट्रायकरही नव्हे. नागपूरच्या एका क्लबात साहेबलोक हिरव्या बनातीच्या टेबलावर बिलियर्ड खेळायचे, तिथला मी चेंडू. तेव्हा मी गोल होतो. कुणी काठीनं ढोसलं की वाटेल तिकडं गडगडत जायचो. साहेब गेले, मी एकदा फरशीवर पडून तडकलो आणि भंगारात आलो. तिथं अमरसिंगनं मला पाहिलं आणि उचलून थेट लाकूड कातणाऱ्या खराद्याकडं नेलं. खराद्यानं करवतीनं कापून माझ्या दोन चपट्या चकत्या केल्या. एक अमरसिंगनं स्वतः ठेवली. दुसरी मी, त्यानं देवमनला दिलेली. चपटा झाल्यापासून आपल्या मनानं कुठं जाणं संपलं. बोट लागेल तेव्हा निघायचं आणि बोट नेईल तिथं थांबायचं.

अमरसिंग मानोऱ्याजवळच्या तांड्यावरचा. कापडगिरणीत कामाला लागला आणि कॅरममध्ये असा चमकला की अख्ख्या विदर्भात त्याला हरवणारा माणूस नव्हता. गिरणीनं त्याला यंत्रावरून काढून खेळायलाच ठेवलं. देवमन मंगरूळपीरचा. बाप लहानपणीच गेलेला, आई भागिरथा मजुरी करणारी. वस्तीतल्या समाजमंदिरात खोक्याच्या फळीचा एक कॅरम होता, त्यावर हा पोरगा शिकला. नागपूरला गेला तेव्हा अमरसिंगनं त्याला आपल्या भागातला म्हणून घरी ठेवून घेतलं, जेवू घातलं, गिरणीत चिकटवलं आणि रोज संध्याकाळी समोर बसवून खेळ घासूनपुसून लख्ख केला. काही वर्षांत त्या दोघांच्या तोडीचा तिसरा कुणी उरला नाही.

मग दोघांना गावोगाव प्रदर्शनी सामन्यांची बोलावणी येऊ लागली. आणि तिथंच माझं दुर्दैव ओढवलं.

अमरसिंगचं वय होत चाललं होतं. उजव्या हाताला बारीक कंप सुटला होता. पण लोक यायचे ते त्याच्या नावावर. म्हणून दोघांमध्ये ठरलं. सामना रंगवायचा. एक डाव याचा, एक त्याचा, तिसऱ्यात अगदी शेवटच्या सोंगटीपर्यंत बरोबरी, आणि मग देवमननं हरायचं. लोकांना चुरस पाहिजे असते, पण आपण ज्याचं नाव ऐकून आलो तोच जिंकलेला पाहिजे असतो. माणसांचा हा स्वभाव मला कधी उलगडला नाही.

हरण्याचं काम माझ्याकडं होतं. कॅरममध्ये सोंगट्या भोकात पाडायच्या, पण स्ट्रायकर पडला तर तो गुन्हा. पाळी जाते, शिवाय दंड म्हणून आधी पाडलेली एक सोंगटी परत वर ठेवावी लागते. देवमनची शेवटची सोंगटी भोकाच्या तोंडाशी असायची. तो बोट जरासं आडवं लावायचा. सोंगटी कडेला अडून राहायची आणि तिच्या शेजारून मी आत. लोक चुकचुकायचे. अमरसिंग आपली सोंगटी पाडून जिंकायचा. अकोल्याची जाळी, यवतमाळची जाळी, पुसदची जाळी, सगळ्या मला पाठ झाल्या होत्या. वर टाळ्या वाजायच्या आणि मी खाली दोऱ्यांमध्ये लोंबकळत पडलेला. ज्याचा नेम म्हणून कधी चुकत नाही अशा हातात राहून मला रोज खड्ड्यात जावं लागायचं. काय वाटत असेल सांगा.

चौऱ्याहत्तर साली मंगरूळपीरहून बोलावणं आलं. तिथले धान्याचे व्यापारी इंदरचंदशेठ कॅरमचे मोठे शौकीन. एसटीत मी देवमनच्या सदऱ्याच्या खिशात होतो, त्यामुळं पुढचं बोलणं मी ऐकलं.

"दादा, मंगरुळात माय येनार हाय पाहाले," देवमन म्हणाला. "तिनं मले कधी खेयतानी पाह्यलं नाही. या एका ठिकानी मले मनानं खेयू द्या."

अमरसिंग म्हणाला, "अन् उद्या कारंज्यात लोकं म्हनतीन, अमरसिंग मंगरुळात हारला. मंग मले कोन बोलावते? अन् मले नाही बोलावलं तं तुले तरी कोन बोलावते?"

शेलूबाजार मागं पडल्यावर अमरसिंग पुन्हा आपणहूनच बोलला. "माय तुही हाय. बोटही तुहंच हाय. मी काही म्हनत नाही बाप्पा."

देवमननं खिशावर हात ठेवला. मी त्याच्या छातीला चिकटून होतो. मला एकच आनंद झाला होता. आज जाळी नाही, आज मी वर राहणार.

इंदरचंदशेठनं आपलं गोदाम रिकामं करून दिलं होतं. धान्याची पोती एकावर एक रचून पायऱ्या केल्या होत्या, त्यावर लोक दाटीवाटीनं बसले होते. पुढं बायकांसाठी ताडपत्री. भागिरथा धुतलेलं लुगडं नेसून अगदी समोर, शेजारच्या केशरबाईला धरून बसली होती. तिला खेळातलं काही कळत नव्हतं.

"कोनता रंग हाय व आपल्या देवमनचा?" तिनं मोठ्यानं विचारलं.

"पांढरा व माय, पांढरा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि पोत्यांवर हशा पिकला.

पहिली पाळी सुटताच अमरसिंगला कळलं की आज पोरगा खेळतोय. त्यानं एकदा देवमनकडं पाहिलं, बाह्या वर केल्या आणि तोही खेळू लागला. थरथरणारा हात डाव्या हातानं मनगटाशी दाबून धरायचा आणि असा काही मारायचा की लोक पोत्यांवरून उठून उभे राहायचे. अमरसिंगच्या तांड्यावरचे लोक तेव्हा कामासाठी बाहेरगावी गेलेले, त्याचं असं तिथं कुणीच नव्हतं. तरी तो जिवाच्या आकांतानं खेळला. पहिला डाव देवमनचा, दुसरा त्याचा. तिसऱ्यात बरोबरी. नेहमी आम्ही जे सोंग वठवायचो ते त्या दिवशी खरोखरीचं घडत होतं, आणि बघणाऱ्यांत हे मला एकट्यालाच माहीत होतं. त्या दुपारसारखा खेळ मी पुन्हा पाहिला नाही.

शेवटी दोघांची एकेक सोंगटी उरली. देवमनची पांढरी उजव्या भोकाच्या तोंडाशी. शाळकरी पोरानं डोळे मिटून पाडावी अशी.

देवमननं मला रेषेवर ठेवलं, बोटाला पावडर लावली आणि ते माझ्यामागं टेकवलं. ते बोट मी चांगलं ओळखतो. हरायचं असलं की टेकण्याआधी ते थोडं सैल पडायचं. त्या दिवशी सैल पडलं नाही. ताठ होतं आणि गरम होतं. त्याला जिंकायचं होतं, मी शपथेवर सांगतो.

मी सुटलो आणि सुटताक्षणीच समजलो. तोच तिरका मार, तीच वाट. इतकी वर्षं शेवटच्या सोंगटीवर जे केलं तेच बोटानं आपणहून केलं. देवमननं जिंकायचं ठरवलं होतं, पण बोटाला दुसरं काही येतच नव्हतं. मला थांबावंसं वाटलं, वळावंसं वाटलं, पण मी चपटा, मला कोण विचारतो? सोंगटी भोकाच्या कडेला अडली. तिच्या शेजारून मी आत गेलो.

तेवढ्यात टाळी वाजली, एकटीच.

"पाडली!" भागिरथा उभी राहून ओरडत होती. "माह्या लेकानं थोरली पाडली! साऱ्यात मोठी पाडली!"

पोती हलतील एवढं हसू फुटलं. माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. मी जाळीतून वर पाहिलं, देवमनची मान खाली गेली होती. अमरसिंगनं आपली काळी सोंगटी पाडली आणि सामना जिंकला, पण त्याच्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं. तो उठला, हात वर करून त्यानं हसू थांबवलं आणि भागिरथेपुढं जाऊन उभा राहिला.

"बराबर हाय माय," तो म्हणाला. "आमी साऱ्याइनं लहान्या पाडल्या. थोरली तुह्याच लेकानं पाडली."

एवढ्या मोठ्या खेळाडूनं असं म्हटल्यावर कोण हसणार? इंदरचंदशेठनं टाळी वाजवली आणि मग सगळ्या गोदामानं वाजवली. भागिरथेच्या डोळ्यांना पदर लागला.

लोक पांगल्यावर देवमननं मला जाळीतून काढून खिशात टाकलं, आणि अमरसिंगनं त्याला पोत्यांच्या आड नेऊन छातीशी धरलं. "हातात आलेलं माह्यासाठी सोडलं रे तू. मायच्या समोर सोडलं. मी जलमभर विसरनार नाही."

देवमननं तोंड उघडलं. "दादा, मी..." आणि मिटलं. म्हाताऱ्याचे डोळे भरून आले होते. देवमन काय सांगणार होता? की मी तुमच्यासाठी काही सोडलं नाही, मला जिंकायचं होतं, पण आता मला जिंकताच येत नाही?

भागिरथेनं जाताना मला मागून घेतलं. तेव्हापासून मी तिच्या घरी आहे. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी फळीवर, स्वच्छ फडक्यावर. रोज पुसते मला. आल्यागेल्याला दाखवते, "हे पहा, हेच ते थोरली." वस्तीतल्या सगळ्यांना कॅरम येतो, पण तिला खरं सांगायला कुणाची जीभ धजत नाही. मला सांगता आलं असतं तर मीही सांगितलं नसतं. इतका मान मला आयुष्यात मिळाला नव्हता, आणि तो मला टोचतो.

देवमन दर जयंतीला येतो. समाजमंदिरातला कॅरम अंगणात आणतात, माणसं गोळा होतात, आणि भागिरथा मला त्याच्या हातात देते. "पाडून दाखव रे एक डाव, त्या दिवसावानी."

मग विदर्भातला हा नामांकित खेळाडू मांडी घालून बसतो. बोर्डावर एकही सोंगटी नसते. तो मला रेषेवर ठेवतो, आईकडं पाहून हसतो आणि सरळ भोकात घालतो. ती टाळ्या वाजवते. मी जाळीत पडून असतो, आणि मला काढायला आलेली त्याची बोटं गार असतात.

देवमन, लेका, माझं एक ऐक. पुढच्या जयंतीला माय पाणी आणायला आत गेली की एक पांढरी सोंगटी भोकाच्या तोंडाशी ठेव. कुणी बघत नसताना. आणि एकदा, एकदाच, ती पाड आणि मला वर राहू दे.