देवापाशीचा लाल दिवा

"मी जरा लवकरच जाते गं पुण्याला," असं शोभनाताई म्हणाल्या, तेव्हा त्यांची पाठ वळलेली होती आणि भाकरी थापणं चालू होतं. त्यामुळे स्वरूपाला सासूबाईंचा चेहरा दिसला नाही. हात मात्र मध्येच थांबलेला दिसला. व्हिसा अजून बराच शिल्लक होता. सुनेची नवी नोकरी मार्गी लागेपर्यंत नातीला सांभाळायला म्हणून त्या जर्मनीत रेगेन्सबर्गला आल्या होत्या, आणि नातच काय, त्यांनी अख्खं घर सांभाळलं होतं. हाडं गोठवणाऱ्या थंडीत अन्वीला किटामधून, म्हणजे पाळणाघरातून, चालत आणायच्या. नात जर्मनमध्ये बोलायची, आजी मराठीत, आणि दोघींचं कधी काही अडलं नाही. संध्याकाळी दमून आल्यावर दारातच ताज्या भाताचा वास यायचा, तेव्हा स्वरूपाला वाटायचं, आपण मागच्या जन्मी काहीतरी चांगलं केलं असणार.

आणि त्याच बाईला आपण घालवून देतोय, हेही तिला कळत होतं.

कारण होतं अन्वीचा खोकला. थंडी सुरू झाल्यापासून पोर खोकून खोकून बेजार झाली होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात धूर होतो का? स्वरूपा जर्मनमध्ये पटकन बोलून गेली, हो, सासूबाई रोज अगरबत्ती लावतात. शोभनाताई शेजारच्याच खुर्चीत होत्या. जर्मनचा त्यांना गंध नव्हता, पण त्या अख्ख्या वाक्यात 'अगरबत्ती' तेवढी मराठी होती. त्या दिवसापासून अगरबत्ती बंद, निरांजन बंद, मिरचीची फोडणीसुद्धा बंद. खोकला मात्र जागच्या जागी.

"धूर भिंतींत मुरला असेल गं," भाकरी तव्यावर टाकत त्या म्हणाल्या. "मी गेले की घर मोकळं होईल."

रात्री स्वरूपाने हे रुपेशला सांगितलं तर तो म्हणाला, आईला इथे करमत नसेल. नवऱ्यांना असं एखादं सोयीचं कारण नेहमी सापडतं.

शनिवारी सकाळी शोभनाताईंनी तिला देवांपाशी नेलं. देव होते वॉशिंग मशीनच्या खोलीत. घराचा ताबा घेताना ईशान्य कोपरा तोच निघाला होता, आणि धुराचा अलार्म नसलेली खोलीही तीच होती. देवांच्या डोक्यावर घरभर हवा खेळवणारं यंत्र होतं, लुफ्टुंग्सआनलागे. नव्या जर्मन घरांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की बाहेरची हवा आत आणायलाही यंत्र लागतं. ताबा देणारा माणूस त्या यंत्राबद्दल पोटतिडकीने सांगत होता, तेव्हा स्वरूपा आणि रुपेश मोबाइलवर होकायंत्र फिरवत ईशान्य शोधत होते आणि मध्ये मध्ये 'या, गेनाऊ', म्हणजे हो, अगदी बरोबर, असं म्हणत होते.

"हे बघ, फुलं नसली तर अक्षता वाहायच्या," शोभनाताई म्हणाल्या. "निरांजन नाही लावलंस तरी चालेल. वरचा हा लाल दिवा आहेच. मी आले त्या दिवसापासून अखंड तेवतोय. फार बरं वाटलं बघ मला, सुनेनं देवापाशी दिव्याची सोय केलीय म्हणून."

स्वरूपाने कसलीही सोय केलेली नव्हती. यंत्र चालू आहे म्हणून दिवा लागतो, अशी तिची आपली समजूत. ती टाचा उंचावून बघायला गेली. दिव्याच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, फिल्टर.

"रुपेश! अरे, इकडे ये आधी!"

रुपेश कॉफीचा मग घेऊनच आला. यंत्राच्या झाकणावर दसऱ्याला वाहिलेलं झेंडूचं फूल चिकटपट्टीखाली वाळून गेलं होतं. हळदकुंकू वाहिलं, फूल वाहिलं, पण झाकण उघडावं असं कुणाला वाटलं नव्हतं. आता उघडलं. पांढरा असायला हवा होता तो फिल्टर तव्याच्या बुडासारखा काळा झाला होता, वर धुळीची जाड गोधडी.

"आल्झो... म्हणजे..." रुपेश पुटपुटला. "हा बदलायचा असतो?"

"तू मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर ना?" स्वरूपाने विचारलं.

"गाडीत असता तर वेळेवर बदलला असता गं."

मग एकेक उलगडत गेलं. ताजी हवा आत येतच नव्हती, म्हणून काचांना घाम फुटत होता. अन्वीच्या कपाटामागे भिंतीला काळी बुरशी धरली होती. रुपेशने नवे फिल्टर आणून बसवले, भिंत साफ करून घेतली, आणि यंत्राचं बटण दाबून धरलं. लाल दिवा गेला.

"अगंबाई, दिवा शांत झाला!" शोभनाताईंनी चटकन हात जोडले.

डॉक्टरीणबाईंनी बुरशीचं ऐकून कपाळाला हात लावला. अगरबत्तीच्या वेळी खिडकी उघडी ठेवा, एवढंच त्या म्हणाल्या. अन्वीचा खोकला हळूहळू उतरला आणि पोर शांत झोपू लागली. गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला फिल्टर बदलायचा, आणि मधूनमधून झाकण उघडून बघायचा, असं रुपेशने जाहीर केलं. त्याचा चेहरा असा होता, की हा शोध जणू त्यानेच लावला.

शोभनाताईंची बॅग मात्र अजून भरलेलीच होती. स्वरूपाने त्या बॅगेतून, साडीत गुंडाळलेलं निरांजन बाहेर काढलं. वात घातली, तूप घातलं, खिडकी उघडली आणि काडेपेटी सासूबाईंच्या हातात दिली.

"आई, त्या दिवशी दवाखान्यात मी चुकले. तुम्ही आमच्यासाठी इतकं केलंत आणि मी बोट तुमच्याकडेच दाखवलं. आणि शेवटी तो दिवाही तुम्हीच दाखवलात. एवढ्यात जाऊ नका. यंत्राचा दिवा विझला, आता देवापाशी लावायला माणूस हवं ना घरात?"

शोभनाताईंनी पदराने डोळे टिपले. काडी पेटीवर टेकवून त्या तशाच थांबल्या.

"आणि पोर पुन्हा खोकली तर?"

"तर आधी फिल्टर बघीन, आई. तुमच्याकडे नाही बघणार."

शोभनाताईंनी काडी ओढली.