नडगीचं मांस आणि आल्याचा चहा

माझ्या खोलीची जाहिरात मला अजून पाठ आहे. "क्लेमेंटी एमआरटी स्टेशनजवळ. मराठी कुटुंब. फक्त शाकाहारी. अंडं घरात नको, केकमधलं चालेल." केकमध्ये गेल्यावर अंड्याचं नेमकं काय पुण्य वाढतं, हे विचारायचं धाडस मी केलं नाही. सिंगापुरात पोस्टडॉकच्या पगारात खिडकी असलेली खोली मिळत असेल तर माणसाने असले प्रश्न गिळावेत. शिवाय मी खरोखरच शाकाहारी आहे. अंडंसुद्धा मी केकमधलंच खाते.

घरमालक निशिकांतकाका आयटीत मॅनेजर. मूळचे पुण्याचे, हे सांगायची गरज पडू नये, पण ते सांगतात. घरात फार कडक. बाहेर मात्र ऑफिसच्या मंडळींबरोबर हॉकर सेंटरच्या टपऱ्यांवर चिकन राइस खातात, कधी कोळंबी. "क्लायंटसमोर नाही म्हणता येत नाही गं," असं त्यांचं म्हणणं. हा क्लायंट बिचारा फार उपाशी असावा, कारण तो दर शुक्रवारी येतो.

नीलिमाकाकू मात्र आतबाहेर सारख्याच. एका बालवाडीत शिकवतात, हळू बोलतात, आणि मला डबा भरून देताना "जास्तीचं झालंय, तेवढं संपव" असं खोटं बोलतात. त्या घरात मी राहिले ती त्यांच्यामुळे.

काकूंच्या गर्भाशयात गाठी होत्या. दर महिन्याला इतकं रक्त जायचं की चार दिवस त्या पांढऱ्याफटक दिसायच्या. नोव्हेनाच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, ऑपरेशन करून टाकू, पण आधी हिमोग्लोबिन दहाच्या वर आणा. ते आठावर ठाण मांडून बसलं होतं. एकदा सलाइनमधून लोह देऊन पाहिलं, तर काकूंच्या अंगभर गांध्या उठल्या आणि घसा सुजला, म्हणून तो रस्ता बंद झाला. राहिल्या गोळ्या. त्या काकू न चुकता घेत होत्या आणि हिमोग्लोबिन न चुकता आठावरच राहत होतं. ऑपरेशनची तारीख दोनदा पुढे गेली होती.

एकदा मार्केटमधून येताना आम्ही दोघी ओव्हरहेड ब्रिज चढत होतो. अर्ध्यावर काकू पायरीवरच बसल्या. "तू हो पुढे, मी जरा गाड्या बघते," म्हणाल्या. ओठ पांढरे पडलेले, श्वास लागलेला, आणि बाई गाड्या बघतायत. मीही शेजारी बसून गाड्या बघितल्या. त्या दिवशी मला त्यांच्यासाठी खरीखुरी भीती वाटली.

काकांना वाटत नव्हती असं नाही. पण काकांची भीती एक्सेलमधून व्यक्त होते. त्यांनी लोहाची शीट बनवली होती. पालक, अळीव, राजगिरा, खजूर, गूळ, प्रत्येकापुढे मिलिग्रॅम, आणि त्यांना हिरवा, पिवळा, लाल असे रंग. पुण्याहून लोखंडी कढई आणवली होती, तीही हँडबॅगेतून. विमानतळावर तिला तीनदा स्कॅन केलं हे ते अभिमानाने सांगायचे. रोज संध्याकाळी काकूंसमोर पालक यायचा. पालकाची भाजी, पालकाचं सूप, पालकाचं धिरडं. काकूंना पालक आवडतो का, हा कॉलम शीटमध्ये नव्हता.

जेवताना काका मला विचारायचे, "ऋग्वेदा, तुझं शास्त्र काय म्हणतं?"

माझं शास्त्र जे म्हणत होतं ते त्या टेबलावर बोलायची सोय नव्हती. "अन्नातल्या खनिजांवर काम करते," असं मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि ते शंभर टक्के खरं होतं. कुठल्या अन्नातल्या, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यांनी आपापल्या मनाने नाचणी धरून घेतली. प्रत्यक्षात आमच्या लॅबमध्ये त्या वर्षी बीफ शिन चालू होतं, म्हणजे गाईच्या नडगीचं मांस. चावायला चिवट, म्हणून तासन्‌तास मंद आचेवर शिजवायचं, म्हाताऱ्या माणसांना खाता येईल इतकं मऊ करायचं, आणि मग त्यातलं लोह किती उरतं, किती अंगी लागतं ते मोजायचं. मी मूग गिळून गप्प बसायचे. तेवढंच एक कडधान्य काकांच्या शीटमध्ये नव्हतं.

बोंब झाली ती काकांच्या उत्साहामुळे. मराठी मंडळींच्या कार्यक्रमात त्यांनी परस्पर माझं व्याख्यान ठरवलं, "शाकाहारातून भरपूर लोह". मला नंतर सांगितलं. पोस्टरवर माझा परिचय हवा म्हणून त्यांनी आमच्या लॅबची वेबसाइट उघडली. तिथे माझा फोटो होता. पांढरा कोट, निळे हातमोजे, चेहऱ्यावर फोटोसाठीचं हसू, आणि हातात एक लालभडक नडगी.

मी घरी आले तेव्हा लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर उघडाच होता. काका समोर, काकू स्वयंपाकघराच्या दारात.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"नडगी."

"कोणाची?"

"गाईची."

काकांनी डोळे मिटले. मग उघडून विचारलं, "तू खातेस?"

"नाही काका. चवसुद्धा माहीत नाही."

"मग करतेस काय त्याचं?"

"वाळवते, दळते आणि भट्टीत जाळून राख करते. राखेतलं लोह मोजते."

काकांनी फोटोकडे पुन्हा बघितलं. "म्हणजे शेवटी दहन होतं."

"होतं. साडेपाचशे अंशांवर."

एवढ्यावर ते निवळतील असं मला क्षणभर वाटलं. पण मॅनेजर माणूस, पुढच्या टप्प्याची चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. "आणि राखेचं काय करता?"

"ॲसिडमध्ये विरघळवतो."

हे त्यांना अजिबात आवडलं नाही. नदी नाही तर निदान नळ तरी असावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. त्यांनी शीट उघडली आणि कोर्टातल्या वकिलासारखं विचारलं, "बरं, निघतं किती लोह?"

"शंभर ग्रॅमला साधारण अडीच मिलिग्रॅम."

काकांचा चेहरा असा काही उजळला की मला त्यांची दया आली. "पालक दोन पॉइंट सात. ऐकलंस नीलिमा? पालक जास्त. आणि हे लोक एवढ्यासाठी गाय कापतात."

मी इथे गप्प बसायला हवं होतं. खोलीला खिडकी होती, डबा मिळत होता. पण दारात काकू उभ्या होत्या, चौकटीला धरून, कारण धरल्याशिवाय त्यांना उभं राहवत नव्हतं. माझं डोकं फिरलं.

"जास्त आहे तो शीटमध्ये, काका. पोटात नाही. पालकातलं लोह शरीर दारातूनच परत पाठवतं, शंभरातलं पाच आत गेलं तरी खूप. मांसातलं वीस-पंचवीस जातं. प्रथिनं वेगळी, जस्त वेगळं, बी-ट्वेल्व्ह तर पालकात नसतंच. मी काकूंना मांस खा म्हणत नाही. पण पालक जिंकला असं तरी म्हणू नका."

मग काकू म्हणाल्या, "म्हणजे मी आठ महिने हा पालक उगीच खाल्ला?"

काकांना काकूंवर चिडता येईना, म्हणून ते माझ्यावर चिडले. "असली बोलणी माझ्या घरात नकोत. महिनाअखेरीला दुसरी खोली बघ."

"अहो, काहीतरीच काय," काकू म्हणाल्या.

"मंडळींना मी काय तोंड दाखवू?"

ज्या तोंडाने क्लायंटबरोबर कोळंबी खाता ते दाखवा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. काकूंकडे बघून मी ते परत आत ढकललं. व्याख्यान रद्द झालं. त्या जागी "कार्यालयीन ताण आणि प्राणायाम" असा विषय जाहीर झाला, वक्ते निशिकांतकाका.

शनिवारी सकाळी मी सामान बांधत होते. एरवी मी उजाडताच लॅबला पळते, त्यामुळे त्या घरातली सकाळ मी कधी धड पाहिलीच नव्हती. बुकित बातोकमध्ये एक खोली बघून आले होते. खिडकी होती, पण तिच्यातून समोरची भिंत दिसायची. दारावर टकटक झाली.

"पोहे केलेत," काकू म्हणाल्या. "भांडण आपल्या जागी. गार होतील."

टेबलावर काका पेपरात तोंड घालून बसले होते. मी बसले. काकूंनी पोहे वाढले, तिघांना आल्याचा दाट चहा ओतला, डबीतून लोहाची गोळी काढली, जिभेवर ठेवली आणि चहाच्या एका मोठ्या घोटाबरोबर गिळून टाकली.

मी चमचा खाली ठेवला. "काकू, गोळी रोज चहाबरोबर घेता?"

"पाण्याबरोबर घेतली की मळमळतं गं. आल्याच्या चहाबरोबर कशी सरळ जाते."

"रोज? पहिल्या दिवसापासून?"

"न चुकता," काका पेपरामागून म्हणाले. "मी रिमाइंडर लावलाय."

मला हसावं की रडावं कळेना. गाय, धर्म, लोखंडी कढई, विमानतळ, व्याख्यान, माझी खोली, एवढं महाभारत झालं, आणि खरा गुन्हेगार टेबलाच्या मधोमध वाफाळत बसला होता. वर त्याला बशीही दिली होती.

"काकू, चहा लोहाला धरून ठेवतो. पोटातून अंगात जाऊच देत नाही. वर त्यात दूध. गोळीच्या आधी तासभर आणि नंतर दोन तास चहा चालत नाही. जेवणाखाण्याबरोबर तर नाहीच. तुम्ही गोळी घेताय आणि जवळजवळ तशीच बाहेर टाकताय."

पेपर खाली आला. "चहा?" काका म्हणाले. "चहाने काय होणार? चहा शाकाहारी आहे."

"लोहाला ते माहीत नाही, काका."

"डॉक्टरबाई कधी बोलल्या नाहीत."

"त्यांनी विचारलं असेल, गोळी घेता का. तुम्ही हो म्हणालात. कशाबरोबर, हे विचारायला त्या काही पुण्यात वाढलेल्या नाहीत."

काका उठले, कपाटातून गोळ्यांचा खोका काढला आणि आतला कागद उलगडला. कंपनीच्या करारातला स्वल्पविरामसुद्धा न सोडणारा हा माणूस बायकोच्या गोळीचा कागद पहिल्यांदा वाचत होता. वाचून झाल्यावर त्यांनी तो पुन्हा वाचला. मग खुर्चीत बसले आणि बराच वेळ काकूंच्या हातांकडे बघत राहिले. नखंसुद्धा पांढरी झाली होती त्यांची.

काकू इकडे वेगळाच हिशेब करत होत्या. "उठल्यावर एक. पोह्यांबरोबर एक. शाळेत अकराला. आल्यावर एक, मग पाचचा, मग जेवणानंतर हे करतात तो अर्धा. अगं, मधे तीन तास मोकळे कुठे आहेत?" त्यांनी कप दोन्ही हातांनी धरला होता, कोणी ओढून नेईल अशा बेताने. मग अगदी सहज, मीठ कुठे आहे विचारावं तसं विचारलं, "ते तुझं नडगीचं असतं ना, त्यातल्या लोहाला चालतो का गं चहा?"

मी काकांकडे बघितलं. पण खोटं कसं सांगणार, माझं पोट त्यावर आहे. "चालतो. त्याला चहाने फारसा फरक पडत नाही."

आता छप्पर कोसळणार, असं धरून मी मान खाली घातली. काही कोसळलं नाही. काका चष्मा काढून पुसत होते. चष्मा स्वच्छच होता.

"ऋग्वेदा," ते म्हणाले. आवाज इतका खाली आलेला की मला पुढे वाकावं लागलं. "तिसऱ्यांदा तारीख पुढे गेली, तर मला नाही सहन होणार. हिला काही झालं तर मी काय ती शीट घेऊन बसू? ते मांस... मिळतं कुठे?"

हाच माणूस परवा मला घराबाहेर काढत होता. माझा सगळा राग एका क्षणात उतरला आणि त्याचाच मला राग आला.

"मार्केटमध्ये मिळतं, सकाळी उघडलं की," मी म्हणाले. "पण लागणार नाही, काका. गोळी लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची, मळमळलं तर थोडं खाऊन, आणि ऑपरेशन होईपर्यंत चहा पूर्ण बंद. एवढं केलं तर महिन्याभरात आकडा हलेल. नाही हलला तर आपण डॉक्टरबाईंकडे जाऊन बोलू. मी येते बरोबर."

"तू कुठे जातेस? खोके उघड ते," काका म्हणाले, आणि माफी मागून झाली असं समजून पुन्हा चष्मा लावला.

काकूंनी कपात उरलेल्या चहाकडे एकदा नीट बघून घेतलं. मग उठल्या आणि तो सिंकमध्ये ओतला. परत येऊन त्यांनी काकांच्या समोरचा कप उचलला.

"हा कशाला नेतेस? मी कुठे गोळ्या घेतोय?"

"माझ्यासमोर बसून फुरके मारायचे नाहीत. ऑपरेशन होईपर्यंत या घरात चहा बंद. दोघांचाही."

काका रिकाम्या बशीकडे बघत राहिले. सिंकमध्ये दुसरा कप ओतल्याचा आवाज आला. घरभर आल्याचा वास सुटला. मग माझ्याकडे न बघता काकांनी हळूच विचारलं, "ते नडगीचं मार्केट सकाळी किती वाजता उघडतं म्हणालीस?"