खुंटीवर राहिलेला लाल सदरा

माझी आता एक बाही, गळपट्टी आणि पाठीचा थोडा तुकडा एवढंच उरलं आहे. तेवढ्यातून जमेल तेवढं सांगतो. मी लोकरीचा सदरा. जाडजूड, लाल-काळ्या चौकडीचा, मांड्यांपर्यंत येणारा. मला मोठं बोलता येत नाही. पण एका माणसाच्या अंगावर मी आयुष्य काढलं, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय जाववत नाही.

आमचा देश बेटांचा; त्यातल्या दक्षिण बेटावरच्या मेंढ्यांची मी लोकर. नदीकाठच्या गिरणीत मला विणलं, मग गरम पाण्यात घालून इतकं कुटलं की वीण दिसेनाशी झाली. मी बाहेर आलो तेव्हा माझ्या अंगाला मेंढीचा वास होता. तो पुढेही कधी पूर्ण गेला नाही. ओला झालो की यायचाच.

आमच्या मातुकू खोऱ्यात लाकडाची वखार होती. तिथे नेव्हिल नावाचा पोरगेला माणूस कामाला लागला. सगळे त्याला नेव्ह म्हणत. पहिल्या पगारात त्याने मला घेतलं. सोबत त्याचा मित्र होता, नदीपलीकडचा तमाती. तमातीने माझ्याशेजारचा निळा सदरा उचलला आणि म्हणाला, "तू लालच घे. डोंगरावर लांबून लाल दिसला की मला कळेल, हा आपला गाढव."

"आणि निळा दिसला की?"

"की समजायचं, शहाणा माणूस येतोय."

असे आम्ही दोघे दोन मित्रांच्या अंगावर चढलो.

मी काय काय पाहिलं! चुलीचा धूर प्यायलो, मेंढीच्या चरबीचे डाग घेतले, खांद्यावरून वाहून आणलेल्या हरणांचं रक्त पाठीवर वाळवलं. रोवीना लग्न होऊन घरात आली तेव्हा तिने आधी मला नाक मुरडलं आणि मग माझ्या फाटलेल्या कोपराला करड्या फ्लॅनेलचं ठिगळ लावलं. त्यांची कर्स्टी तान्ही होती तेव्हा गाडी चिखलात अडकली होती, त्या थंडीत तिला माझ्यात गुंडाळून घरी आणलं. तिचे दोन इवले हात माझ्या गळपट्टीत होते. ते मला अजून आठवतं.

एप्रिल, म्हणजे आमच्याकडची पानगळ, आला की नर हरणं माजावर येतात आणि डोंगरातून डुरकतात. आमच्याकडचे शिकारी गाईचं पोकळ शिंग तोंडाला लावून तसंच डुरकतात. खरा नर चिडतो, उत्तर देतो, समोर येतो. दारूच्या गुत्त्याच्या अंगणात या डुरकण्याच्या शर्यती लागत. नेव्ह दर वर्षी जिंकायचा. तो छाती फुगवून आवाज काढायचा तेव्हा माझी बटणं ताणायची. खरा नर कोणता आणि नेव्ह कोणता, हे डोळे मिटून ओळखायची पैज कोणी घ्यायचं नाही.

"घरात मला एवढ्या प्रेमाने कधी हाक मारली नाहीस," रोवीना म्हणायची, आणि अख्खं अंगण हसायचं.

तमाती दुसरा यायचा. तो म्हणायचा, "या गाढवाच्या पोटात हरीण आहे. मी नुसता माणूस."

वर्षं गेली. वखार बंद पडली, दोघांचे केस पिकले. एका पावसाळी हिवाळ्यात नेव्ह डोंगरातून भिजून आला. लोकर भिजली तरी ऊब सोडत नाही, हे खरं. पण जड होते, आणि नेव्हचं वय झालं होतं. त्याला न्यूमोनिया झाला. बरा होऊन घरी आला तेव्हा शहरात नोकरी करणारी कर्स्टी रजा काढून आली होती. तिने मला दोन बोटांनी उचललं.

"बाबा, या गोधडीने तुझा जीव घेतला असता."

"तिनेच तर आत्तापर्यंत राखलाय," नेव्ह म्हणाला.

पण पोरीने ऐकलं नाही. तिला मी दोष देत नाही. बाप धापा टाकताना तिने पाहिला होता.

त्या संध्याकाळी तमाती जेवायला आला होता. पावाच्या पिठाची तळलेली भाकरी आणि हरणाच्या मांसाचा रस्सा होता. मी दारामागे टांगलेला. कर्स्टीने फोनवर चित्रं उघडून त्याच्यासमोर धरली. शिकारीचे महागडे कोट होते ते.

"तमातीकाका, तुम्ही सांगा. एवढे पैसे घालण्यात काही अर्थ आहे का? आणि घ्यायचा तर कोणत्या कंपनीचा?"

तमातीने बोटं पुसली. असल्या प्रश्नाला तो फार गंभीरपणे उत्तर द्यायचा.

"अर्थ आहे. स्वस्तातला रेनकोट बाहेरून पाऊस अडवतो आणि आतून घामाने भिजवतो. पण तो टस्करिज कंपनीचा घेऊ नको. चालताना चिप्सच्या पाकिटासारखा वाजतो. हरीण पळून जातं आणि सोबतच्याला भूक लागते."

नेव्ह हसता हसता खोकला.

"अल्पेनहोर्स्टचा घे. काखेत शिवण नाही, कापड मऊ, फांदी घासली तरी आवाज नाही. थेंब आत जाणार नाही. मला परवडलं असतं तर मीच घेतला असता."

"रंग दोन आहेत," कर्स्टी म्हणाली. "एक पानापानांचा, एक भडक नारिंगी."

"पानांचा घे, पोरी! एवढे पैसे देऊन म्हाताऱ्याचा नारिंगी भोपळा करायचा का?"

सगळे हसले. रोवीना हसली, कर्स्टी हसली. नेव्ह तर टेबलावर हात आपटत हसला. खुंटीवर मलाही बरं वाटलं होतं, घर हसत होतं म्हणून.

कोट आला. खरंच चांगला होता. मला त्याचा राग नव्हता. हलका, उबदार, माझ्यासारखा टोचत नव्हता. नेव्हने अंगात घालून आरशात पाहिलं आणि मला म्हणाल्यासारखं म्हणाला, "तू आता विश्रांती घे." तरी एप्रिलमध्ये डोंगरात जाताना त्याने मला पिशवीत घातलंच. रात्री पांघरायला.

डोंगरातल्या खोपट्यात ते दोघे उतरले. सकाळी धुकं होतं, पाऊस थांबलेला. नेव्हने नवा कोट चढवला. मला दारामागच्या खिळ्याला अडकवलं.

तमाती म्हणाला, "आता तू अगदी झाड दिसतोस. कुत्रं येऊन पाय वर करेल, जपून."

मग त्यांनी नेहमीची बोली केली. नेव्हने ओढ्याच्या अलीकडे हिंडायचं, तमातीने पलीकडे. दुपारच्या आत ओढा कोणी ओलांडायचा नाही. ही बोली त्यांनी कधी मोडली नव्हती. पोरवयात नाही, प्यायलेले असताना नाही.

दार लोटून ते गेले. मी खिळ्यावर.

पुष्कळ वेळाने वरून डुरकणी ऐकू आली. ओढ्याच्या पलीकडून. ती खऱ्या नराची होती. थोड्या वेळाने दुसरी आली, अलीकडून. ती नेव्हची होती. ज्या छातीवर मी जन्म काढला तिचा आवाज मी ओळखणार नाही का? खरा नर हळूहळू लांब गेला. नेव्ह त्याच्या मागे निघाला असावा, कारण त्याची पुढची डुरकणी ओढ्याच्या पलीकडून आली. आणि तिला उत्तर आलं.

ते उत्तर हरणाचं नव्हतं. तमातीचं होतं.

नेव्ह पुन्हा डुरकला, अधिक जवळ. तमाती पुन्हा डुरकला, अधिक जवळ. दोघांनाही वाटत होतं, समोर मोठा नर आहे. आणि ते एकमेकांना बोलावत होते. लहानपणी नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारायचे, तसे. मला सगळं कळत होतं. पण खिळ्याला टांगलेल्या सदऱ्याला तोंड कुठून असणार!

मग बंदुकीचा एक आवाज झाला.

त्यानंतर जी ओरड आली ती माणसाची होती.

तमाती धावत खोपट्यात आला. वायरलेसवर काय बोलला ते त्याचं त्यालाही कळलं नसेल. मला खिळ्यावरून ओढलं आणि मला छातीशी धरून तो पुन्हा चढ चढला. नेव्ह झाडीत पडला होता. त्याच्या कोटावर पाण्याचे थेंब मण्यांसारखे उभे होते, एकही आत गेला नव्हता. गोळी तेवढी गेली होती.

तमातीने मला त्याच्यावर पांघरलं. अंग अजून गरम होतं. ती ऊब मी जितका वेळ धरता येईल तितका वेळ धरून ठेवली. लोकरीला तेवढंच येतं.

पुढे खटला चालला. वकिलाने तमातीला सांगितलं, धुक्याचं बोल, कोटाचं बोल, त्याने ओढा ओलांडला हे बोल. तमातीने ऐकलं नाही. उभा राहून एवढंच म्हणाला, "मला दिसलं नव्हतं. मला वाटलं." त्याच्या बंदुका गेल्या. निळा सदरा त्याने परसात जाळला. नदीचा पूल ओलांडून आमच्या बाजूला यायचं त्याने सोडलं. कोट आपण दिला, हा विचार कर्स्टीला गिळता येईना. आणि ज्याच्या सल्ल्याने दिला त्याचं नाव काढलं की ती उठून बाहेर जायची.

कोट पोलिसांकडेच राहिला. मी पिशवीतून परत आलो. रोवीनाने मला थंड पाण्यात हाताने धुतलं. कितीतरी वेळ धूत होती.

पुन्हा मार्च संपत आला. खोऱ्यातले पुरुष पुन्हा दुकानात विचारायला लागले, या वर्षी कोणत्या कंपनीचा कोट चांगला. रोवीनाने ते ऐकलं. घरी आली आणि मला टेबलावर पसरलं. मग फोन उचलला.

"तमाती, ये. कात्री चालवायची आहे. कापड जाड आहे, मला एकटीला धरवत नाही."

तो आला. दारात बूट काढून उभा राहिला. कर्स्टी मोरीपाशी पाठ करून उभी होती. टेबलावर त्याला मी दिसलो.

"रोवीना, हे माझ्या हातात देऊ नको."

"मग कोणाच्या देऊ? त्याला लांबून ओळखायला तूच याला पसंत केलं होतंस. धर."

त्याने माझी कड धरली. नुसती बोटांच्या टोकांनी धरली, तशी कात्री वाकडी गेली.

"घट्ट धर, रे."

"पोरी," तो कर्स्टीच्या पाठीकडे बघत म्हणाला, "भोपळा मीच म्हणालो होतो."

नळ चालू होता. तो बंद झाला.

"मी हसले होते, काका," ती म्हणाली. ती आली आणि माझी दुसरी कड तिने धरली. मग कात्री सरळ गेली.

त्या दिवशी माझ्या पट्ट्या झाल्या. रानाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी रोवीना बसते आणि प्रत्येकाच्या टोपीला, दंडाला एकेक बांधते. लाल रंग हरणाला मातकट दिसतो म्हणतात. माणसाला तो लाल दिसतो. कोणी कुरकुरला की ती म्हणते, "बांधून घे बाळा, नेव्हचा आहे." मग तो दंड पुढे करतो. एक पट्टी तमातीकडे आहे. तो शिकारीला जात नाही, खिशात ठेवतो.

तुम्ही विचाराल, महाग कोट घ्यावा का? घ्या. परवडत असेल तर जरूर घ्या, कंपनी कोणतीही असो. काखेतली शिवण बघा, कापड वाजतं का बघा. पाऊसही माणूस मारू शकतो, तेही मी जवळून पाहिलं आहे. पण झाडासारखं दिसून घरच्यांपासून लपू नका. आणि बंदूक ज्याच्या हातात आहे त्याने डोकं, मान, पाय, सगळं जनावर दिसेपर्यंत बोट आवरावं. वाटणं म्हणजे दिसणं नव्हे.

उद्या ही बाहीही जाईल. कोपराचं ठिगळ तेवढं रोवीना ठेवणार आहे. आज पहाटे वरच्या कड्यावरून डुरकणी आली. मी कान दिला. नेव्हची नव्हती.