रुमाल बांधून बसलेली सून

लिहिण्याची सवय लावून देणारी ऑनलाइन कार्यशाळा मी लावली, तेव्हा घरात कोणीही नाही म्हटलं नाही. तिथेच घोळ झाला. कोणी अडवलं असतं तर मी भांडले असते, आणि भांडून मिळवलेल्या वेळेला घरात थोडा तरी मान असतो. सासरे शांतीलालजी म्हणाले, "लिही ना बाप्पा, चांगलं हाय." नवरा पियूष म्हणाला, "मस्त!" सासूबाई प्रेमाबाई, ज्यांना मी मम्मीजी म्हणते, त्यांनी विचारलं, "आता निबंधही मोबाइलवर शिकवतेत काय?" मग सगळे आपापल्या कामाला लागले आणि मला माझ्या कामाला लावलं.

आमचं मालेगाव वाशीम जिल्ह्यातलं, नाशिकचं नव्हे. खाली धान्याचं दुकान, वर घर. मेडशी, किन्हीराजाकडून सोयाबीन यायला लागलं की आमच्या घरात माझ्या नावाचा नुसता जप चालतो. रुचिका, खाली चहा पाठव. रुचिका, गाडीची किल्ली पाहिली काय? रुचिका, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची आहेत, पीठ मळलं का?

कार्यशाळा घेणाऱ्या योगिनीताई पुण्याच्या. त्यांचा नियम सोपा होता. रोज अर्धा तास हाताने लिहायचं, मध्ये थांबायचं नाही, आणि कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर टाकायचा. लागोपाठ तीन दिवस फोटो आला नाही की ग्रुपमधून बाहेर. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने आपला पूर्ण झालेला निबंध सगळ्यांसमोर वाचायचा.

मला माझ्या आईवर लिहायचं होतं. आई गेल्या उन्हाळ्यात गेली. माहेरी, धनजला, आमचं छोटंसं कापडाचं दुकान होतं आणि त्यात वडिलांपेक्षा आईचं तोंड जास्त चालायचं. "हा रंग तुह्यावर नाई खुलत, तुह्या सासूवर खुलते," असं ती गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायची आणि तेच कापड दोघींसाठी विकायची. तिचा एक व्हिडिओ नाही. समोर फोन धरला की ती पदर सारखा करून गप्प बसायची. तिचं बोलणं आता फक्त माझ्या डोक्यात उरलं आहे आणि तिथूनही ते रोज थोडं थोडं गळतं आहे. एक दिवस ती मला जेवायला कशी हाक मारायची तेच आठवेना. शब्द आठवत होते, आवाज येत नव्हता. मी गॅससमोर उभी राहून रडले. लोक छंद म्हणून लिहितात, मला भीती वाटत होती म्हणून लिहायचं होतं.

सुरुवातीला स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसून पाहिलं. मम्मीजी आल्या. "काही करून नाई राह्यली ना? मंग मेथी निवड." बेडरूममध्ये बसले तर पियूष आला आणि म्हणाला, "तू बसेलच हायेस त माह्या शर्टाचं बटन लावून दे." लिहिणारी बाई बघणाऱ्याला रिकामीच दिसते, त्याला कोण काय करणार? आठवडाभरात माझे जेमतेम दोन फोटो गेले.

शेवटी मी माळ्यावरची खोली धरली. तिथे जास्तीची पोती ठेवतात, दुपारी कोणी फिरकत नाही. फरशी गार लागते म्हणून कपाटातलं लोकरीचं आसन नेलं. सोयाबीनच्या धुळीने मला शिंकांवर शिंका येतात, म्हणून पियूषचा पांढरा रुमाल नाकातोंडावर घट्ट बांधला. दाराकडे पाठ केली, कागद मांडीवर घेतला, मान खाली घातली आणि लिहायला लागले. आई आली. दुकानाच्या गादीवर बसून, हातात मीटरची पट्टी घेऊन, कोणालातरी झापत आली.

अर्ध्या तासाने उठले तर दाराबाहेर जिन्यावर मम्मीजी बसलेल्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या माळ्यावर कधी चढत नाहीत. त्यांचे डोळे भरले होते. खालून पियूषने मला हाक मारली, तर त्यांनी वाकून त्याला दटावलं, "हळू बोल. रुचिकाची सामायिक चालू हाय."

सामायिक ही आमच्या जैन घरांतली रोजची साधना. आसन घालायचं, तोंडावर पांढरी मुहपत्ती बांधायची, संसार बाजूला सारायचा आणि दोन घडी, म्हणजे पाऊण तासाहून थोडं जास्त, शांत बसायचं. त्या वेळात त्या माणसाला कोणी हाक मारत नाही. दुकानात गिऱ्हाइकांची रांग लागो, नाहीतर पाहुणे दारात उभे राहोत. आणि मी पाठमोरी कशी दिसत होते? आसनावर बसलेली, पांढऱ्या रुमालाची गाठ मागे, मान झुकलेली. आमच्या घरातल्या कोणाचीही हीच समजूत झाली असती.

मी रुमाल सोडला. "मम्मीजी, मी तर वर..."

"काही सांगू नको बेटा. अशी गोष्ट सांगतली की तिचं पुण्य कमी होते. मले दिसलं, बस झालं."

खाली गेले तर मेथी निवडून ठेवलेली होती. त्यांनी स्वतः निवडली होती.

दुसऱ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून मी स्वयंपाकघरात गेले, तर त्यांनी माझ्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि म्हणाल्या, "जा, तुही वेळ झाली. चहा मी पाहतो." ज्या अर्ध्या तासासाठी मी आठवडाभर तडफडत होते, तो असा कोणी ओंजळीत घालत असेल तर माणूस काय करेल? मी गेले. पुढचे काही दिवस माझ्या लग्नानंतरचे सगळ्यात सुखाचे दिवस होते. रोज फोटो जात होते. योगिनीताईंनी लिहिलं, "रुचिका, तुमची आई माझ्या खोलीत येऊन बसली. आता हिला सोडू नका."

मग एका दुपारी जिन्यावर पावलं वाजली. मम्मीजी वर आल्या. एका हातात त्यांचं आसन, दुसऱ्या हातात वेळ मोजायची वाळूची घडी, आणि मागे खुर्ची उचलून हसू दाबत पियूष.

"माह्यानं एकटीनं होत नव्हती," त्या म्हणाल्या. "तुह्या सासऱ्याले दुकान, पियूषले मोबाइल. किती वर्सं झाली, संगत नव्हती. आता तू हायेस." त्या माझ्या समोरच बसल्या. मला पाठ म्हणायला लावून रीतसर सामायिक घ्यायला लावली. एकदा घेतली की फोन नाही, आणि घरादाराचं काही लिहिणंही नाही. माझा कागद मी मांडीखाली सरकवला. मम्मीजींनी डोळे मिटले. त्यांच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मला त्यांचा रागही धड येईना.

संध्याकाळी मी पियूषला म्हटलं, "तू सांग मम्मीजींना. मी लिहायला बसत होते म्हणून."

"आता? पुऱ्या मोहल्ल्यात सांगून राह्यली ती. आजकालच्या पोरी मोबाइलमधून मान वर काढत नाईत आन् माही सून पाहा म्हणते. तिचं तोंड कसं होईन सांग बरं?" मग जरा थांबून म्हणाला, "तू दुसऱ्या वेळी लिही ना."

दुसरी वेळ! दोन घडी सगळं घर माझी वाट बघत थांबलेलं असायचं आणि सामायिक संपली की जिन्याच्या पायथ्याशी सगळ्यांची कामं एकदम माझ्यावर पडायची. पहाटे उठावं तर मम्मीजी माझ्याआधी उठून पाणी गाळत असतात. तीन दिवस फोटो गेला नाही. चौथ्या दिवशी पोळ्या लाटताना फोन बघितला, तर मी ग्रुपमध्ये नव्हते. योगिनीताईंचा वेगळा निरोप होता, अगदी गोड. सवय लागायला वेळ लागतो, पुढच्या वर्गाला जरूर या. मला फोन भिंतीवर फेकावासा वाटला. पोळी करपली.

तरी मी मनाशी म्हणत होते की चातुर्मास संपेल, मम्मीजींचा उत्साह ओसरेल, गुडघे पुन्हा दुखतील. असं मी खरंच म्हणत होते. मग त्या मला चातुर्मासासाठी आलेल्या महासतीजींच्या, म्हणजे आमच्या साध्वींच्या, दर्शनाला जैन स्थानकात घेऊन गेल्या. प्रवचन संपलं होतं, बायका अजून बसलेल्या होत्या. मम्मीजींनी माझा हात धरून मला पुढे केलं. "ही माही सून. कोणी सांगतलं नाई, कोणी शिकवलं नाई, आपल्या मनानं बसली."

महासतीजी हसल्या. "मग पुढच्या चातुर्मासापर्यंत रोज एका सामायिकेचा नियम घेशील?"

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. शेजारी मम्मीजी श्वास रोखून उभ्या. मी नाही म्हणू शकले असते, असं कोणाला वाटत असेल तर त्याने एकदा तिथे माझ्या जागी उभं राहून बघावं. मी हात जोडले. पुढच्या चातुर्मासापर्यंत आईचं कितीसं उरेल, एवढाच विचार मनात होता.

आता आम्ही दोघी रोज बसतो. खरं सांगते, त्या शांततेत आई येते. ओट्याशी येत नाही, बेडरूममध्ये येत नाही, तिथेच येते, आणि अगदी तिच्या आवाजात येते. परवा तर तिची जेवायला बोलावण्याची हाक आली, तीच, शेवटचं अक्षर लांबवलेली. माझे हात मांडीवर रिकामे होते. वाळू सावकाश पडत होती. खाली उतरून दुकानाचा चहा, सासऱ्यांची गोळी आणि बाजारातून आलेली भाजी होईपर्यंत ती हाक पुन्हा गेली.

सामायिक संपवताना एक पाठ म्हणावा लागतो. बसल्या बसल्या मनात संसाराचा विचार आला असेल तर त्या दोषाची त्यात माफी मागायची असते. मम्मीजी आधी म्हणतात, मग मी म्हणते. मिच्छामि दुक्कडं. मी रोज हात जोडून, डोळे मिटून, आई आठवल्याची माफी मागते. मम्मीजी माझ्या डोक्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "पाह्य, लागली ना सवय?"