चहाचा कप

सासूबाईंचा दवाखाना म्हणजे कोपऱ्यावरचा औषधवाला. कंबर धरली, डोकं ठणकलं, तोंड आलं, सगळं त्याच्याच काउंटरवर.

"मावशी, लाल देऊ की पांढरी?"

"गुण येईल ती दे रे बाबा!"

दिवसभर इस्त्रीच्या टेबलामागे उभ्या राहणाऱ्या बाईला रांगेत बसायला फुरसत कुठली?

सून मात्र डोळ्यांत तेल घालून बघत होती. सासूबाईंना सारखी तहान लागत होती, पायांना मुंग्या येत होत्या. तिनं पिच्छाच पुरवला. "नातीच्या डोसाला उजाडायच्या आत रांग धरता, मग स्वतःसाठी का नाही?"

"तिचं कापड कोरं आहे गं. माझं धुऊन धुऊन विरलेलं."

शेवटी एकदाच्या तयार झाल्या. सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी रक्त द्यायचं ठरलं.

त्या सकाळी बाळानं रडून घर डोक्यावर घेतलं. त्याला खांद्यावर थोपटत सुनेनं रोजच्या सवयीनं चहा टाकला आणि कप सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनीही रोजच्या सवयीनं तो संपवला.

"काही खाल्लं-प्यायलंय का?" रक्त घेणाऱ्या बाईनं विचारलं, तेव्हा कुठे दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"मग उद्या या."

"उद्या कुठली? गिऱ्हाइकं काय चुरगळलेलेच कपडे घालून जातील?" सासूबाई हसल्या. "बरं झालं, सुई चुकली!" येताना त्यांनी औषधवाल्याकडून ताकदीच्या गोळ्या घेतल्या. पुन्हा विषय काढायला सुनेची जीभ रेटेना. तोंड उघडलं की तो कप डोळ्यांपुढे यायचा.

पुढे एका संध्याकाळी बाळ रांगत आजीच्या पायाशी गेलं. त्याला उचलायला सून वाकली आणि किंचाळलीच. "आई, इस्त्रीच्या निखाऱ्यानं अंगठा केवढा भाजलाय तुमचा! काळा पडलाय!"

"कधी गं?" सासूबाईंनी खाली पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं.

"अंगठा काढावा लागेल," डॉक्टर म्हणाले. "साखर कधी तपासलीच नाहीत?"

सुनेनं तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी तिचा हात दाबला. "आले होते हो. पण माझी मेली चहाची तल्लफ! या पोरीनं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं."

सून खाली मान घालून बसली. ती मान तिला वर करताच येईना.

ऑपरेशनच्या दिवशीही उपाशीपोटीच जायचं होतं. सुनेनं गॅस पेटवलाच नाही. सासूबाई बाळाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"तुझ्यापुरता तरी टाक गं चहा. तू कशाला उपाशी?"