दारातली पेटी

लोटन बिऱ्हाडे नगरपालिकेच्या पाणीखात्यात फिटर होता. जळगावात पिंप्राळ्याच्या वाटेवर त्याचं दोन खोल्यांचं पक्कं घर होतं आणि वर गच्ची. त्या गच्चीवर त्याची बायको बेबाबाई मधमाशा पाळायची. लेक लता धुळ्याला दिल्यावर घरात करायला काही उरलं नाही, तेव्हा यावलला बायकांसाठी भरलेल्या एका शिबिरात ती शिकून आली आणि येताना दोन पेट्या घेऊन आली. तीन वर्षांत गच्ची पेट्यांनी भरली.

लोटनला त्याचा राग नव्हता. उलट दोस्तांना तो कौतुकानं सांगायचा. पण बायको ही गंमत दाखवायची वस्तू आहे असं त्याला वाटे, आणि दारू प्याल्यावर ही गंमत वाढत जाई. हात उचलणं तर लग्नापासूनचंच होतं. शेजारची झुंबरबाई भिंतीपलीकडून ऐकायची आणि सकाळी काही न विचारता हळद आणून द्यायची.

एका रविवारी त्यानं पाणीखात्याच्या पंपावरच्या दोघातिघांना गच्चीवर आणलं. बेबाबाई धूर देऊन पेटी तपासत होती.

"धूर कशाले पाहिजे? मह्या बायकोले माशा चावत नाहीत," तो म्हणाला. "दाखव वं यायले."

"आज नको. त्या चिडेल शेतस," ती म्हणाली.

त्यानं धुराचं भांडं लाथेनं उडवलं, तिचं मनगट धरलं आणि हात उघड्या पोळ्यावर दाबला. पोळ्यातल्या माशा तिच्या पंजाखाली चिरडल्या. ती ओरडली नाही, म्हणून त्यानं आणखी जोर केला. दोस्त हसत होते. मग माशा त्याच्याही मानेवर आणि कानांवर बसल्या आणि ते जिन्यानं खाली पळाले.

बेबाबाईचा हात कोपरापर्यंत सुजला, ती सूज दोन दिवसांत उतरली. लोटन मात्र खालच्या पायरीवरच कोसळला. अंगभर गांधी उठल्या, ओठ जाड झाले, श्वास घरघरायला लागला. दवाखान्यात इंजेक्शनं देऊन त्याला परत आणलं. डॉक्टर म्हणाले, "माशीचं विष यांच्या अंगाला चालत नाही. याच्यापुढे एक चावली तरी मी खात्री देणार नाही."

घरी आल्यावर तो म्हणाला, "पेट्या फेक."

बेबाबाईनं आपली खाट उचलून गच्चीवर नेली.

त्या दिवसापासून लोटननं जिन्यावर पाय ठेवला नाही. तो खालून शिव्या द्यायचा. ती वरून ऐकायची, वाटलं तर उत्तर द्यायची. भाकरी करायला खाली यायची तेव्हाही तो लांबच राही, कारण तिच्या पदरात एखादी माशी असायचीच. लग्नानंतर पहिल्यांदा तिच्या अंगावर वळ नव्हते.

धंदा वाढला. पावसाळ्यात फुलोरा नसतो तेव्हा ती साखरेचा पाक करून वाट्यांतून पेट्यांत ठेवी. भादव्यात बोरी फुलल्या की माशांना जोर येई. थंडीत ती काही पेट्या नशिराबादकडच्या तुरीच्या शेतांत नेऊन ठेवी, आणि फाल्गुन संपता संपता गावातले कडुनिंब फुलले की खरा हंगाम. तो मध जरा कडसर, गडद. वैद्य तोच मागायचे. ओळखीची घरं बाटल्या राखून ठेवायला सांगायची. बाजारातले लोक तिला 'मधवाली अक्का' म्हणू लागले. लोटनला पंपावर कोणी विचारलं की तो मधवालीचा नवरा का, तर तो तिथून उठून जाई.

पुढच्या मे महिन्यात लताचं बाळंतपण आलं. बेबाबाईला धुळ्याला जावं लागलं. जळगावचा मे म्हणजे गच्चीवर अनवाणी पाय टेकत नाही. पेट्यांवर पत्र्याचा मांडव होता आणि त्याला चहूबाजूंनी गोणपाट. ते दिवसातून तीनदा भिजवलं नाही तर आत मेण मऊ होऊन पोळी खाली बसतात. तिनं झुंबरबाईला सगळं समजावलं, जिन्याची किल्ली दिली आणि बस धरली.

दुसऱ्या दिवशी झुंबरबाई कळशी घेऊन आली तर जिन्याच्या दाराला नवं कुलूप.

"लोटनभाऊ, अहो माशा मरतील."

लोटन ओट्यावर विडी ओढत बसला होता. "मरू दे."

"बाई लेकीच्या बाळंतपणाले गेली. तिले काय सांगू मी?"

"सांगजो, नवरा जिता हाये अजून."

झुंबरबाई रोज आली. एकदा तिनं रडूनही पाहिलं. तो कळशीतलं पाणी मागून प्याला आणि तिला परत पाठवलं.

लताला मुलगी झाली. बारसं आटोपून बेबाबाई परतली. तिला गल्लीतूनच कळलं. गच्चीच्या पन्हाळातून काळसर ओघळ भिंतीवरून उतरून वाळला होता आणि त्यावर मुंग्यांची जाड रांग होती. तिनं लोटनकडे किल्ली मागितली. त्यानं ती मुकाट्यानं दिली. ती वर गेल्यावर काय म्हणते ते ऐकायला तो जिन्याखाली उभा राहिला.

वर मेण वितळून मध पेट्यांच्या तळातून वाहिला होता. माशा त्यात बुडून चिकटल्या होत्या, काही अजून पाय हलवत होत्या. पिलांची घरं वाळून काळी पडली होती. ज्या पेट्यांत थोडी ताकद होती त्यांतल्या माशा कधीच उठून गेल्या होत्या. टाकीच्या सावलीतली एक पेटी तेवढी वाचली होती. तिच्या दाराशी माशा गोळा होऊन पंखांनी वारा घालत होत्या.

खाली काहीच आवाज गेला नाही. लोटन वाट पाहून कंटाळला आणि आत जाऊन निजला.

अंधार पडताना सगळ्या माशा पेटीत शिरल्यावर बेबाबाईनं तिचं दार चिंधीनं बंद केलं, ती उचलून खाली आणली आणि उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर, घराच्या एकुलत्या दाराशी ठेवली. चिंधी काढली. मग आत जाऊन नवऱ्याला हलवलं.

"उठा. पेटी दारात शे. आत्ता अंधार शे तोवर निघा. सकाळी त्या बाहेर निघतीन."

तो उठून बसला. दाराकडे पाहिलं. "काढ ते तठून. मी मरीन ना!"

"मंग मरा," ती म्हणाली.

तो ओरडला, मग गयावया केली, मग पुन्हा ओरडला. शेवटी चादर अंगाभोवती गुंडाळून, पेटीपासून अंग चोरत तो बाहेर पडला आणि थेट नशिराबादला भावाच्या घरी गेला.

भावानं ठेवून घेतलं, पण कडब्याच्या खोलीत खाट टाकून. भावजय जेवण आणून उंबऱ्यावर ठेवायची. तो बसनं कामावर येई. कधी सुटी झाल्यावर आपल्या घराच्या समोर, रस्त्यापलीकडे उभा राही. बेबाबाई दारात बसलेली असे. एकदा अंगात ताप घेऊन तो तसाच उभा होता, दिवस मावळेपर्यंत. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि दिवा लावायला आत गेली.

पावसाळ्यात त्या पेटीतली वसाहतही मोडली. पोळ्यांत मेणकिडा पडला आणि उरलेल्या माशा एका दुपारी उडून गेल्या. बेबाबाईनं पेटी हलवली नाही. आतली जाळी खरवडून काढली, झाकण लावलं, आणि माशांसाठी ठेवायची ती पाण्याची वाटी रोज सकाळी भरून शेजारी ठेवू लागली.

लता पोरीला घेऊन आली ती श्रावणात. आल्या आल्या आईशी भांडली. "बाबा तिथं कुत्र्यासारखे पडलेत. काका त्यांच्याशी बोलत नाही. तुला काहीच वाटत नाही का?" बोलता बोलता तिचं लक्ष पेटीकडे गेलं. तिथं एकही माशी दिसेना, म्हणून जवळ जाऊन तिनं झाकण उचललं.

"आई, हिच्यात तर काहीच नाही."

"माले माहीत शे."

"मग ही इथं कशाला?"

बेबाबाई नातीला मांडीवर घेऊन थोपटत राहिली.

लता त्याच दिवशी नशिराबादला गेली आणि तिनं बापाला सांगितलं. लोटननं विश्वास ठेवला नाही. "तुह्या मायनं पाठवलं तुले," तो म्हणाला. पण धुळ्याहून येणंजाणं झालं की ती दर वेळी तेच सांगे, आणि हळूहळू ते त्याच्या मनात रुजलं.

दरम्यान दसऱ्यानंतर पालिकेच्या जुन्या भिंतीच्या पोकळीत सातेरी माशांचं मोहोळ बसल्याचं कोणीतरी बेबाबाईला सांगितलं. सातेरी म्हणजे पेटीत पाळायची माशी. तिनं ते अलगद काढून आणलं आणि दारातल्याच पेटीत भरलं. बोरी-तुरीवर माशा चांगल्या पोसल्या. हे लताला ठाऊक नव्हतं; भांडणानंतर ती आईकडे न येता परस्पर नशिराबादला जाई. बेबाबाईनं कळवलंही नाही.

जानेवारीतल्या एका सकाळी लोटन पिशवी घेऊन गल्लीत शिरला. गारठा होता, उन्हं अजून ओट्यावर आली नव्हती, माशा आतच गोळा होऊन बसल्या होत्या. बेबाबाई उंबऱ्यात बसून सुपात तूर निवडत होती. तो ओट्यापाशी आला. दाढी वाढलेली, अंगानं निम्मा झालेला. चेहऱ्यावर जुनं हसू होतं.

"पेटी भरेल शे," बेबाबाई म्हणाली. भाकरी झाल्याचं सांगावं तसं. सुपावरची मान तिनं वर केली नाही.

"लतानं बठ्ठं सांगितलं मले. रिकाम्या खोक्यानं भेववलं तू, लाज नाही वाटली?" तो ओट्यावर चढला. ती तूर निवडत राहिली. त्यानं पेटीवर मूठ मारली, मग आणखी एक, आणि तिच्याकडे बघत झाकण ओढून काढलं.

माशा त्याच्या तोंडावर आल्या.

तो ओट्यावरून खाली पडला, उठला, गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. तिथं बसला. बेबाबाईनं सूप बाजूला ठेवलं. आधी झाकण शोधून पेटीवर बसवलं. मग ती त्याच्याकडे गेली. झुंबरबाईनं धावत जाऊन रिक्षा आणली. रिक्षात त्याचं डोकं बेबाबाईच्या मांडीवर होतं. ओठ सुजून बोलणं कळत नव्हतं, पण त्यानं तिचा पदर मुठीत धरला होता. रेल्वे फाटक ओलांडल्यावर मूठ सुटली.

लता आली ती प्रेत हलवायच्या आधी. भिक्खूंनी वंदना म्हटली, माणसं पांगली, तेव्हा ती आईसमोर येऊन बसली.

"तू त्यांना सांगितलं नाहीस?"

"सांगं व्हतं."

"ऐकलं त्यांनी?"

"ऐकं व्हतं त्यायनी."

"कसं सांगितलंस, आई?"

लता तेच पुन्हा विचारत राहिली, आवाज चढत गेला, शेवटी झुंबरबाईनं तिला धरून आपल्या घरात नेलं. संध्याकाळच्या गाडीनं ती पोरीला घेऊन धुळ्याला गेली. नंतर पत्र नाही, येणं नाही. नातीचा वाढदिवस आला तेव्हा बेबाबाई मधाची बाटली घेऊन धुळ्याला गेली होती. जावयानं दारातच बाटली घेतली आणि लता घरात नाही म्हणाला. आत पोरगी रडत होती आणि लता तिला गप्प करत होती, ते बाहेर ऐकू येत होतं.

बेबाबाई परत आली. माशांची ती वसाहत मोठी होऊन तिच्या दोन पेट्या झाल्या होत्या. तिनं त्या दारातून उचलून गच्चीवर, टाकीच्या सावलीत ठेवल्या आणि गोणपाट भिजवलं.